त्रेचाळीस, चाळीस तीन आणि दहाची नोट



'लहान मुलांना गणित गोडीनं कसं शिकवावं' हा विषय संयोजकांनी आम्हाला दिला, तेव्हा आम्ही त्यांना विचारलं, की आम्हालाच का? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि तेही वीस-बावीस वर्षांच्या मुलांना. ती मुलं आपण नीट शिकवलं नाही तरी परीक्षेपुरतं स्वतःचं स्वतः शिकून घेतात. सहा-सात वर्षांच्या मुलाला ती सोय नाही. आपण चुकलो तर ते मूल चुकतं, आणि वर त्यालाच वाटत राहतं की आपल्याला गणित येत नाही. तर संयोजक म्हणाले, "सर, २०१९ साली तुम्ही याच सभागृहात संख्यावाचनाच्या विरोधात बोलला होतात. आता तुमचं काय मत आहे, तेवढं सांगा." म्हणजे आजचं हे व्याख्यान एका अर्थी जबाबच आहे. तो आम्ही देणार आहोत. आधी आमच्या बाजूची चिकित्सा करू, मग दुसऱ्या बाजूची. कारण आमच्या मते त्या वादात दोन्ही बाजूंच्या हातून एक गोष्ट निसटली.

वाद काय होता, ते थोडक्यात आठवू. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात २१ ते ९९ या संख्या वाचण्याची एक नवी रीत दिलेली होती. एकवीस म्हणजे 'वीस एक', बत्तीस म्हणजे 'तीस दोन', त्र्याण्णव म्हणजे 'नव्वद तीन'. जुनी नावं हद्दपार केलेली नव्हती, दोन्ही रीती शेजारी शेजारी होत्या. पण हे पुस्तक उघडून पाहण्याइतका धीर कोणाला होता? वर्तमानपत्रांत लेख आले, दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या, मोबाइलवर विनोद फिरले. ज्यांच्या आडनावात 'वीस' किंवा 'बावन' येतं त्यांना आता काय म्हणायचं, यावर विधानसभेतही हशा पिकला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्या स्वतः गणितज्ञ, आणि 'गणितगप्पा'सारखी पुस्तकं लिहून मुलांशी गणितावर बोलणाऱ्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. मराठी संख्यानामांत जोडाक्षरं फार आहेत, आणि बोलण्याचा क्रम व लिहिण्याचा क्रम उलटा आहे. लहान मुलाला याचा त्रास होतो.

आम्ही त्या वेळी इथं उभं राहून तीन मुद्दे मांडले होते. टाळ्याही घेतल्या होत्या. ते मुद्दे आज एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा होता भाषेच्या वारशाचा. 'एकवीस' हा शब्द 'एकविंशति'पासून आला, एकक आधी आणि दशक नंतर ही आपली दोन-अडीच हजार वर्षांची रीत, ती मोडण्याचा अधिकार एका पाठ्यपुस्तक समितीला कोणी दिला, असं आम्ही आवेशानं विचारलं होतं. आता वाटतं, की आम्ही आपल्याच प्रदेशाकडे नीट पाहिलं नव्हतं. सोलापूरच्या कितीतरी घरांत तेलुगू बोलली जाते. तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटि' म्हणतात, म्हणजे वीस-एक. कानडीत 'इप्पत्तोंदु', तेही वीस-एकच. म्हणजे सोलापूरचं एखादं मूल घरी वीस-एक म्हणतं आणि शाळेत एकवीस म्हणतं. त्याची भाषा बुडाली नाही की त्याचं घर बुडालं नाही. दशक आधी सांगणं ही काही सातासमुद्रापलीकडून आणलेली टूम नव्हे. ती शेजारच्या आळीत नांदते आहे.

आणि सातासमुद्रापलीकडे पाहायचंच असेल तर नॉर्वेकडे पाहावं. नॉर्वेजियन भाषेतही आपल्यासारखंच 'एक-आणि-वीस' म्हणत. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना-ऐकताना गोंधळ होतो म्हणून तिथं संसदेत हा विषय आला आणि १९५१ पासून शाळेत व सरकारी कामकाजात 'वीस-एक' ही रीत सुरू झाली. नंतर काय झालं? जुनी रीत मेली नाही. सत्तर वर्षं उलटली तरी तिथली माणसं दोन्ही रीतींनी बोलतात, काही जण तर एकाच दिवसात दोन्ही वापरतात. भाषा एवढ्या तेवढ्यानं मोडत नाही. हा मुद्दा आम्ही मागे घेतो.

दुसरा मुद्दा असा होता: 'आम्ही नाही का शिकलो?' हा सभागृहात हमखास चालणारा मुद्दा. पण सभागृहात असतं कोण? जे शिकले ते. जे तिसरी-चौथीत गणिताला घाबरून मागे पडले, शाळा सोडून गेले, ते इथं टाळ्या वाजवायला येत नाहीत. पोहून पैलतीरी गेलेल्यांनाच विचारायचं, की नदी खोल आहे का, तर ते काय सांगणार? तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं तरी हा मुद्दा मांडायला नको होता. तोही मागे घेतो.

तिसरा मुद्दा असा, की मूल घरी गेल्यावर आजीला आणि दुकानदाराला 'चाळीस तीन' कळणार नाही. त्याला दोन्ही शिकावं लागेल, म्हणजे ओझं वाढेल. हा मुद्दा आजही आम्हाला पूर्ण खोटा वाटत नाही. त्याकडे शेवटी येऊ.

आता हे मतांतर झालं कसं, ते सांगायला हवं. पुस्तक वाचून झालं असं म्हणालो तर ते खोटं ठरेल.

महासाथीनंतर शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा घराजवळच्या एका प्राथमिक शाळेत आम्ही आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागलो. तिसरीची मुलं होती. पहिली आणि दुसरी त्यांनी जवळजवळ पाहिलीच नव्हती. बाईंनी आमच्याकडे सात-आठ मुलं सोपवली आणि म्हणाल्या, "सर, एवढ्यांना शंभरपर्यंत आणा." आम्हाला वाटलं, पंधरा दिवसांचं काम.

त्यांत एक मुलगी होती. तिची आई देवळापाशी गजरे विकते. आम्ही तिला म्हणालो, "त्रेचाळीस लिही." तिनं लिहिलं ३४. का, ते उघड आहे. 'त्रे' आधी ऐकू आला म्हणून ३ आधी लिहिला, 'चाळीस' नंतर आलं म्हणून ४ नंतर. कानानं सांगितलं ते हातानं केलं. मुलगी प्रामाणिक होती, भाषा उलटी होती. त्या दिवशी आम्हाला नारळीकर बाईंचं म्हणणं पहिल्यांदा समजलं. ते त्यांना सांगायचं राहून गेलं. २०२३ साली त्या गेल्या.

मग आम्ही, म्हणजे याच सभागृहात नव्या रीतीची टिंगल करणाऱ्यांनी, त्या मुलीला हळू आवाजात म्हटलं, "बरं, चाळीस तीन लिही." बाई ऐकत नाहीत ना, तेही पाहून घेतलं. मुलीनं लिहिलं ४०३.

हसू नका. यातही ती प्रामाणिकच आहे. चाळीस कसं लिहितात? ४०. तीन कसं लिहितात? ३. मग चाळीस तीन म्हणजे ४०३. जुन्या नावानं एक चूक घडवली, नव्या नावानं दुसरी. दुसरी चूक जास्त समजूतदार आहे, हे आम्ही मान्य करतो. तिच्यात क्रम बरोबर आहे, दशकाचा मान राखलेला आहे. पण चूक ती चूकच.

आमच्याकडे तिसरा उपाय होता. आगकाड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून केलेले होते. चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि विचारलं, "किती?" तिनं शांतपणे चारी रबरं काढली, सगळ्या काड्या एकत्र केल्या आणि एकेक करून मोजल्या. बरोबर त्रेचाळीस. एकही चुकली नाही. मग पाटीवर लिहिलं ४०३.

त्या दिवशी घरी येताना आम्हाला आमचा फ्रेगे आठवला. गोट्लोप फ्रेगे हा जर्मन तर्कशास्त्रज्ञ. अंकगणिताच्या पायावरचं त्याचं छोटं पुस्तक १८८४ साली आलं. पंचवीस वर्षं आम्ही ते एम.ए.ला शिकवलं. त्यात तो विचारतो, संख्या वस्तूत असते का? कोणाच्या हातात पत्त्यांचा जोड दिला आणि 'किती?' असं विचारलं, तर उत्तर देता येणार नाही. किती काय? जोड विचारत असाल तर एक, पत्ते विचारत असाल तर बावन्न. वस्तू तीच, पण 'एक' कशाला म्हणायचं ते ठरल्याशिवाय संख्या ठरत नाही. जॉन स्टुअर्ट मिल म्हणे की संख्या आपण खडे मोजून अनुभवातून शिकतो. या खड्यांच्या अंकगणिताची फ्रेगेनं मनसोक्त टिंगल केली. आम्हीही वर्गात त्याच्या सुरात सूर मिसळून ती केली.

आणि इथं एका मुलीनं आमच्यापुढे रबर काढून गठ्ठा सोडला होता. तिच्या लेखी 'एक' म्हणजे एक काडी, दुसरं काही 'एक' असूच शकत नाही. दहा काड्यांचा गठ्ठा हाही एक, आणि असे चार 'एक' झाले की त्यांना ४ लिहायचं, पण वेगळ्या घरात, ही गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. आम्ही तिला गठ्ठा दिला, पण गठ्ठ्याला 'एक' म्हणायचं कारण दिलं नाही. पंचवीस वर्षं जे शिकवलं ते आम्हालाच तेव्हा कळलं. ४३ मधला ४ हा चारच असतो. फक्त चार काय, ते त्याची जागा सांगते. सगळं स्थानमूल्य एवढंच आहे. आणि माणसाला ते सुचायला हजारो वर्षं लागली. सात वर्षांच्या मुलीला ते एका तासात का कळावं?

इथं आम्हाला दुसऱ्या बाजूची, म्हणजे सुधारणेची चिकित्सा करायची आहे.

पहिली गोष्ट अशी, की पुस्तकातला बदल २१ पासून सुरू होतो. पण मुलाची खरी अडचण २१ ला सुरू होते का? चिनी भाषेत अकराला 'दहा-एक' म्हणतात, बाराला 'दहा-दोन', आणि एकवीसला 'दोन-दहा-एक'. चिनी आणि अमेरिकन मुलांच्या मोजण्याची तुलना १९८० आणि १९९० च्या दशकांत झालेली आहे. तिच्यात दिसलं असं, की एक ते दहा मोजण्यात दोन्हीकडची मुलं साधारण सारखी असतात. फरक पडतो तो दहाच्या पुढच्या टप्प्यात, जिथं इंग्रजी नावं वाकडी होतात आणि चिनी नावं सरळ राहतात. मराठीत ही वाकडी वाट आणखी वाकडी आहे. अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा. यांत दहा कुठं ऐकू येतो? मुलाच्या आयुष्यात दहाचा पहिला गठ्ठा बांधला जातो तो अकरा म्हणताना, आणि तिथंच आपण त्याला जुन्या नावांवर सोडून दिलं. रस्ता दुरुस्त केला, पण खड्डा होता त्याच्या पुढून. 'दहा एक, दहा दोन' असं महिनाभर खेळात म्हणून घेतलं असतं, तर 'वीस एक' आपोआप आलं असतं, आणि कदाचित एवढा गदारोळही झाला नसता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नाव बदललं, पण शिकवणाऱ्याच्या मनात काय बदललं? लिपिंग मा या चिनी-अमेरिकन अभ्यासिकेचं एक पुस्तक १९९९ साली आलं. तिनं अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांना अगदी साधे प्रश्न विचारले. त्यांतला एक प्रश्न असा: ५२ मधून २५ वजा करायला मुलांना कसं शिकवाल? बहुतेक अमेरिकन शिक्षकांनी उसना घ्यायची कृती सांगितली. बहुतेक चिनी शिक्षकांनी सांगितलं, की एक दशक मोडून त्याचे दहा सुटे करायचे. गंमत अशी, की या चिनी शिक्षकांचं शालेय शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचं होतं. पदव्या कमी होत्या, पण जे शिकवायचं त्याची समज खोल होती. आणि ती समज त्यांना कुठून मिळाली? शाळेत एकमेकांबरोबर बसून पाठ्यपुस्तक बारकाईनं वाचण्यातून, मुलं काय म्हणतात त्यावर चर्चा करण्यातून. म्हणजे ती शिकवता शिकवता मिळाली.

आपल्याकडेही 'उसना घेणं' आहेच. दोनातून पाच जात नाहीत, शेजाऱ्याकडून एक उसना घ्या, बारातून पाच गेले सात. आम्ही सात-आठ वर्षांचे असताना मास्तरांना विचारलं होतं, की उसना घेतला तर परत कधी द्यायचा? मास्तरांनी छडी दाखवली. प्रश्न मात्र बरोबर होता. मागितला एक आणि आले दहा, हा कुठला शेजारी? आणि परतफेड कधीच नाही. या शब्दानं कृती पाठ होते, पण मागचा विचार झाकला जातो. 'दशक सुटा करणं' हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांत आला आहे, तो चांगला आहे. पण शिक्षक मनात 'उसना'च म्हणत असतील तर तोंडातला शब्द बदलून काय उपयोग? 'वीस एक'चं नेमकं तेच झालं. पुस्तक आलं, शाळा सुरू झाली, आणि ही नवी रीत का, ती कुठवर वापरायची, जुन्या नावाकडे परत कसं यायचं, हे शिक्षकांना कोणी बसून सांगितलं? आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, "सर, आम्हालाही मोबाइलवरच्या विनोदांतूनच कळलं." सुधारणेवर याहून कडक टीका आम्ही करू शकणार नाही.

आता त्या 'गोडीनं' या शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण विषयात तो आहे. गोडी म्हणजे काय? गठ्ठ्यांत हरल्यावर आम्हीही गोडीच्या मागे लागलो. संख्यांचं एक गाणं रचलं, टाळ्या, गिरक्या, सगळं केलं. मुलं खूश, बाई खूश. शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत येऊन उभी राहायची. दोन आठवड्यांनी त्याच मुलीला त्रेचाळीस लिहायला सांगितलं. तिनं छान गिरकी घेतली आणि ३४ लिहिलं. कडू गोळी साखरेत घोळून दिली तर मूल साखर चाटतं आणि गोळी थुंकतं. रंगीत चित्रं, बोलकी खेळणी, मोबाइलवरचे खेळ यांवर आमचा राग नाही. पण त्यांत प्रश्न नसेल तर ती करमणूक आहे, गणित नाही.

मग एके दिवशी आम्ही काहीच न ठरवता चिंचोक्यांची पिशवी वर्गात ओतली. म्हटलं, "सांगा, किती आहेत." कोणी म्हणालं पन्नास, कोणी हजार. दोघं दोघं मोजायला बसली. मध्येच एकाला शिंक आली, एकाला हाक मारली, मोजणी विसरली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी चार जोड्यांची चार उत्तरं आली आणि भांडण जुंपलं. आम्ही गप्प बसलो. हे गप्प बसणं आम्हाला फार जड गेलं, प्राध्यापकाला ते जातंच. शेवटी एक मुलगा म्हणाला, "ढीग करूया, म्हणजे विसरलं तरी तेवढाच ढीग मोजायचा." कोणी पाच-पाचचे केले, कोणी दहा-दहाचे. दहावाल्यांचं लवकर झालं, पाचवाल्यांनी ते पाहिलं आणि दोन-दोन ढीग एकत्र केले. नेदरलँड्समधले गणितज्ञ हान्स फ्रॉइडेन्थाल सांगत, की गणित ही माणसाची एक कृती आहे, आणि मुलाला तयार गणित देण्याऐवजी ते त्याला थोड्या मदतीनं पुन्हा शोधू द्यावं. हे त्या दुपारी आमच्यासमोर घडलं. गठ्ठा का बांधायचा, याचं कारण मुलांना सापडलं होतं. विसरू नये म्हणून. गोडी असते ती इथं.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी स्वतःहून आमच्याजवळ आली. आम्ही खोट्या नोटा आणि नाणी नेली होती, दुकान-दुकान खेळायला. तिनं दहाच्या चार नोटा आणि रुपयाची तीन नाणी मांडली. आम्ही विचारलं, "नोटा किती?" "चार." "रुपये किती?" "त्रेचाळीस." मग एक नोट उचलून म्हणाली, "ही एकच आहे, पण दहाची आहे." आणि लिहिलं ४३. गजऱ्याचे पैसे ती आईबरोबर रोज मोजत होती. फ्रेगेच्या पत्त्यांच्या जोडाचं उत्तर तिच्या घरच्या पिशवीत होतं. आम्ही महिनाभर काड्यांचे गठ्ठे बांधत होतो, कारण आमच्या डोक्यात शाळा म्हणजे काड्या असं बसलेलं. तिला काय येतं, हे आम्ही विचारलंच नव्हतं. नंतरही ती चुकली, नाही असं नाही. पण चुकली की स्वतःच म्हणायची, "थांबा, नोटा मोजते."

आता तिसऱ्या मुद्द्याकडे परत येऊ, जो आम्ही राखून ठेवला होता. जुन्या नावांचं काय करायचं? आजीला, दुकानदाराला, कंडक्टरला चाळीस तीन म्हणून चालणार नाही. एकदा मुलाला दशक कळला की जुनी नावं ओझं राहत नाहीत, उलट खजिना होतात. दिल्लीच्या जोडो ज्ञान या संस्थेनं शाळाशाळांत नेलेली गणितमाळ तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. शंभर मणी, दहा एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या. आम्ही तशी एक घरी ओवली. तिच्यावर मुलांना म्हटलं, तीसवर चिमटा लावा. मग एकोणतीसवर लावा. चिमटा एक मणी मागे सरकला. एक मुलगा ओरडला, "सर, एकोण म्हणजे एक कमी!" बरोबर. एक ऊन, म्हणजे एक उणा. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ सगळी नावं एकदम उघडली. आपल्या भाषेत एका संख्येच्या नावातच वजाबाकी बसलेली आहे, आणि आपण ती सात वर्षांच्या मुलाकडून नुसती घोकून घेतो. मग त्याच मुलानं विचारलं, "मग नव्याण्णवला एकोणशंभर का नाही?" आम्हाला उत्तर आलं नाही. आम्ही त्याला तसं सांगितलं. पुढचे चार दिवस तो सगळ्यांना एकोणशंभर म्हणत फिरत होता, आणि कोणाचंही काही बिघडलं नाही.

पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही आपली अपूर्णांकांची जुनी उजळणी आठवा. पावणेदोन म्हणताना मूल दोनातून पाव कमी करतं, सव्वादोन म्हणताना पाव वाढवतं. हा सगळा ठेवा आम्हाला हवा आहे. पण तो छडीच्या धाकानं परत आणायला नको. एक पोळी, एक सुरी आणि भांडायला दोन मुलं एवढ्यावर तो परत येतो.

तर आमचा जबाब असा. २०१९ मध्ये आम्ही चुकलो. नव्या रीतीची दिशा बरोबर होती. पण ती उशिरा सुरू झाली, एकटी आली, आणि शिक्षकांना सोबत न घेता आली. नाव सरळ केल्यानं कानाची अडचण दूर होते. दहा म्हणजे एक, ही मनातली अडचण त्यानं दूर होत नाही. ती दूर करायला शिकवणाऱ्याला स्वतःला आधी ते नवल वाटावं लागतं. ज्याला ४३ मध्ये काही नवल दिसत नाही, तो ते पाठच करून घेणार. गाण्यात करून घेईल, नाही तर छडीनं.

म्हणून शिक्षक मंडळींना एकच विनंती. महिन्यातून एकदा, शाळा सुटल्यावर अर्धा तास, चार जणांनी बसावं. समोर मुलांच्या चुकीच्या पाट्या घ्याव्यात. ३४ का लिहिलं? ४०३ का लिहिलं? चूक दुरुस्त करायची घाई करू नये. त्या मुलाच्या जागी बसून ती बरोबर कशी वाटली असेल, ते शोधावं. यासाठी शासनाचा आदेश लागत नाही, निधी लागत नाही. चहा लागेल, तो मुख्याध्यापकांनी द्यावा.

आमची विद्यार्थिनी आता पुढच्या वर्गात गेली. परवा देवळापाशी गजरा घेतला. आईनं वीस रुपये सांगितले, आम्ही पन्नासची नोट दिली. मुलीनं तीन नोटा परत दिल्या आणि म्हणाली, "सर, मोजून घ्या." आम्ही मोजून घेतल्या.